एका मुदतीचा खासदार : स्प्रिंगफील्डचे वकील अब्राहम लिंकन



अब्राहम लिंकन हे नाव महाराष्ट्राला परके नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांना तो अर्पण केला. वि. ग. कानिटकर यांनी लिंकन यांना 'फाळणी टाळणारा महापुरुष' म्हणून मराठी वाचकांपुढे उभे केले. ज्या पिढीने आपल्या देशाची फाळणी डोळ्यांनी पाहिली होती, तिला त्या शब्दांतील वेदना वेगळी समजावून सांगावी लागली नाही. आणि वसंत बापट यांच्या शब्दांतून घराघरांत पोचलेले ते हेडमास्तरांना लिहिलेले पत्र तर अनेक शाळांच्या भिंतींवर आजही टांगलेले दिसते. आता, लिंकन यांच्या संकलित लेखनात असे पत्र कोठेही नाही, ही गोष्ट वेगळी. पत्र सुंदर आहे, एवढ्यावर समाधान मानावे.

या सर्व ओळखींमध्ये लिंकन यांच्या आयुष्याची दोनच टोके आपल्यासमोर येतात. एका टोकाला केंटकीच्या रानातील ओंडक्यांची झोपडी आणि दुसऱ्या टोकाला व्हाइट हाउस. मधली चोवीस वर्षे ते एका लहानशा शहरात वकिली करीत होते, आणि त्या चोवीस वर्षांपैकी जेमतेम दोन वर्षे ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते, हे ओझरते सांगून चरित्रकथा पुढे जाते. (ही काँग्रेस म्हणजे तेथील संसद, आपल्याकडील गोंधळ नको म्हणून सांगितलेले बरे.) यशाचे मंत्र विकणाऱ्या पुस्तकांनी तर लिंकन यांच्या अपयशांची एक यादीच प्रसृत केली आहे. तीत '१८४८ - काँग्रेसची उमेदवारी पुन्हा मिळाली नाही' अशी एक नोंद हमखास असते. ती नोंद चुकीची आहे. ती चुकीची कशी, हे पाहताना लोकप्रतिनिधीच्या धर्माविषयी बरेच काही हाती लागते.

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा. सर्व मिळून एक वर्षही शाळा लाभली नाही. १८३१ मध्ये इलिनॉय राज्यातील न्यू सालेम नावाच्या खेड्यात ते आले. तेथे दुकान चालविले, ते बुडाले. त्याचे कर्ज फेडण्यात पुढची कित्येक वर्षे गेली. गावचे पोस्टमास्तर झाले, जमिनीची मोजणी शिकून मोजणीदार झाले. १८३२ ची पहिली निवडणूक हरले. १८३४ पासून मात्र राज्याच्या विधानसभेत ओळीने चार वेळा निवडून आले. कायद्याची पुस्तके त्यांनी उसनी आणून, कोणाही शिक्षकावाचून वाचली. १८३६ मध्ये वकिलीची परवानगी मिळाली आणि १५ एप्रिल १८३७ रोजी ते स्प्रिंगफील्डला राहावयास आले. गादी-उशा घेण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. जोशुआ स्पीड या दुकानदाराने आपल्या दुकानावरच्या खोलीत त्यांना जागा दिली, आणि पुढची काही वर्षे हे दोघे तेथे एकत्र राहिले.

त्या वेळचे स्प्रिंगफील्ड म्हणजे दीड-दोन हजार वस्तीचे, पावसाळ्यात चिखलात रुतणारे गाव. पण राज्याची राजधानी तेथे आणण्याचा निर्णय नुकताच झाला होता, आणि तो घडवून आणण्यात आमदार लिंकन यांचाच पुढाकार होता. राजधानी आली म्हणजे उच्च न्यायालये आली, सरकारी कचेऱ्या आल्या, आणि त्यांच्यामागोमाग वकील आले. लिंकन यांनी तेथे एकापाठोपाठ तीन भागीदारांबरोबर काम केले. पहिले जॉन स्टुअर्ट, यांचे चित्त राजकारणात अधिक. दुसरे स्टीफन लोगन, हे खरे गुरू. अर्जातील प्रत्येक शब्द तोलून लिहावयाचा आणि विरुद्ध पक्षाची बाजू आधी मांडून पाहावयाची, ही शिस्त लिंकन यांना त्यांच्याकडून मिळाली. तिसरे, १८४४ पासून अखेरपर्यंतचे भागीदार विल्यम हर्नडन. हे वयाने नऊ-दहा वर्षांनी लहान, स्वभावाने उतावीळ, पण निष्ठावंत. मिळकतीची विभागणी निम्मी-निम्मी होती. कचेरीतील पसारा मात्र कोणाच्याच वाट्याला गेला नाही, असे दिसते. महत्त्वाचे कागद लिंकन आपल्या उंच टोपीत ठेवीत. आणि एका पुडक्यावर त्यांनी, कोठेच सापडले नाही तर येथे पाहावे, अशा अर्थाची चिठ्ठी लिहून ठेवली होती, असे हर्नडन यांनी नमूद केले आहे.

वकिलीचा खरा अर्धा भाग स्प्रिंगफील्डबाहेर चाले. इलिनॉयच्या आठव्या न्यायमंडलात न्यायाधीश वसंतात एकदा आणि शरदात एकदा जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत. त्यांच्यामागे वकिलांचा तांडा घोड्यावरून किंवा बग्गीतून निघे. गावात पोचले की तेथील मंडळी आपापले दावे घेऊन येत, झाडाखाली किंवा कोर्टाच्या पायरीवर वकीलपत्र ठरे आणि थोड्याच वेळात कामाला उभे राहावे लागे. रात्री खाणावळीत एका बिछान्यावर दोन-दोन वकील. सकाळी परस्परांवर तुटून पडणारे रात्री एकाच टेबलाशी जेवत. बहुतेक वकील शनिवारी घरी पळत. लिंकन मात्र महिनोन् महिने हा फेरा पुरा करीत. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांच्याशी त्यांचा स्नेह याच प्रवासात जुळला.

त्यांच्या वकिलीतील पाच हजारांहून अधिक प्रकरणांचे कागद संशोधकांनी शोधून काढले आहेत. त्यांत निम्म्याहून अधिक प्रकरणे साध्या देण्या-घेण्याची आहेत. बाकीची कुंपण, गुरे, वाटण्या, घटस्फोट, अब्रूनुकसानी यांची. आपल्याकडील कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात उभे राहिले तर हेच कानांवर पडेल. पंचवीस डॉलर फी पाठविणाऱ्या एका अशिलाला त्यांनी, काम एवढे नव्हते, असे कळवून दहा डॉलर परत पाठविले. तरुण वकिलांसाठी लिहून ठेवलेल्या एका टिपणात त्यांनी सांगितले आहे की, कज्जेदलालीला उत्तेजन देऊ नका, शेजाऱ्यांत तडजोड घडवून आणा, कारण खटला जिंकणाराही फी, खर्च आणि वेळ यांत हरलेलाच असतो.

तथापि ही सज्जन वकिलाची तसबीर रंगवून थांबले तर लिंकन यांच्यावर अन्याय होईल, आणि सत्यावरही होईल. १८४१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनी नॅन्स नावाच्या कृष्णवर्णीय तरुणीच्या विक्रीपोटी लिहून दिलेली वचनचिठ्ठी रद्द ठरविली. इलिनॉयमध्ये प्रत्येक मनुष्य स्वतंत्र आहे असेच गृहीत धरले पाहिजे आणि स्वतंत्र मनुष्याची विक्री होऊ शकत नाही, हे तत्त्व त्या निकालाने दृढ झाले. हा खटला अभिमानाने सांगितला जातो. पण सहा वर्षांनी, ऑक्टोबर १८४७ मध्ये, कोल्स जिल्ह्यात दुसरा एक खटला उभा राहिला. रॉबर्ट मॅटसन हा केंटकीचा गुलाममालक आपल्या गुलामांना इलिनॉयमधील शेतावर कामाला आणीत असे. त्यांपैकी जेन ब्रायंट ही स्त्री आपल्या मुलांसह पळाली आणि दोघा सज्जनांच्या आश्रयास गेली. मॅटसनने तिला परत मिळविण्यासाठी दावा लावला, आणि मॅटसनचे वकीलपत्र होते लिंकन यांच्याकडे. हे गुलाम कायम वास्तव्यासाठी आणलेले नाहीत, केवळ हंगामापुरते आहेत, असा युक्तिवाद त्यांनी केला. ब्रायंट कुटुंबाच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत ऑरलँडो फिकलिन हे एक होते. फिकलिन यांचे नाव लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा भेटणार आहेत. न्यायालयाने जेन आणि तिची मुले मुक्त असल्याचा निर्णय दिला. लिंकन हरले, आणि ते हरले हे बरे झाले.

वकील आपला पक्षकार निवडत नसतो, असे समर्थन यावर केले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. गुलामगिरी हा अन्याय आहे, असे विधानसभेत १८३७ मध्येच लेखी नोंदविणारा मनुष्य दहा वर्षांनी एका मातेला आणि तिच्या लेकरांना मालकाच्या स्वाधीन करण्यासाठी उभा राहतो, हे पाहून अंतःकरण अस्वस्थ होतेच. महापुरुष घडत असतात. ते घडलेले जन्माला येत नाहीत. हा खटला हरून त्याच महिन्यात लिंकन सहकुटुंब वॉशिंग्टनला निघाले.

निवडणूक झाली होती त्याआधी चौदा-पंधरा महिने. इलिनॉयच्या सातव्या मतदारसंघात व्हिग पक्षाचे प्राबल्य होते, आणि जागा एक, इच्छुक तीन अशी स्थिती होती: जॉन हार्डिन, एडवर्ड बेकर आणि लिंकन. तिघेही वकील, तिघेही एकाच पिढीचे. पक्षात फूट पडू नये म्हणून एकेकाने एकेक मुदत घ्यावी, असा समजुतीचा मार्ग रूढ झाला. आधी हार्डिन गेले, मग बेकर. १८४६ मध्ये हार्डिन यांना पुन्हा उभे राहावेसे वाटले. पाळीप्रमाणे पाळी, हा एकच मुद्दा लिंकन यांनी पत्रांतून आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या भेटींतून इतक्या चिकाटीने मांडला की अखेर हार्डिन यांनी माघार घेतली. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार पीटर कार्टराइट हे नामांकित मेथॉडिस्ट धर्मोपदेशक होते. लिंकन धर्मद्रोही आहेत, अशी कुजबुज सुरू झाली. त्यावर लिंकन यांनी पत्रक काढून, आपण कोणत्याही चर्चचे सदस्य नाही हे खरे, पण धर्माचा उपमर्द आपण कधी केलेला नाही, असे स्पष्ट केले. मतदान ३ ऑगस्ट १८४६ रोजी झाले. लिंकन यांना ६३४० आणि कार्टराइट यांना ४८२९ मते पडली.

पण त्याच उन्हाळ्यात देशाचे वातावरण पालटून गेले होते. मे १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले. न्युएसेस आणि रिओ ग्रांदे या दोन नद्यांमधील मुलुख टेक्सासचा की मेक्सिकोचा, हा वाद होता. राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांनी सैन्य थेट रिओ ग्रांदेच्या काठावर नेऊन ठेवले. एप्रिलमध्ये चकमक होऊन अमेरिकी सैनिक मारले गेले. पोक यांनी ११ मे रोजी काँग्रेसला संदेश पाठविला की, मेक्सिकोने आमच्या सीमेत शिरून आमच्या भूमीवर आमच्या नागरिकांचे रक्त सांडले आहे. दोनच दिवसांत युद्धाची घोषणा झाली. प्रतिनिधिगृहात बाजूने १७४, विरुद्ध १४.

इलिनॉयमध्ये तरुणांची रीघ लागली. बेकर यांनी खासदार असतानाच पलटण उभारली आणि सेरो गोर्डोच्या लढाईत नाव कमावले. त्याच लढाईत इलिनॉयच्या चौथ्या पलटणीने मेक्सिकन सेनापती सांता आना यांचा लाकडी पाय हस्तगत केला. तो आजही स्प्रिंगफील्डच्या लष्करी संग्रहालयात आहे. हार्डिन यांनीही पलटणीचे नेतृत्व केले आणि २३ फेब्रुवारी १८४७ रोजी ब्वेना व्हिस्टाच्या रणांगणावर त्यांना वीरमरण आले. म्हणजे ज्या जागेवर लिंकन बसणार होते, त्या जागेवरचा एक पूर्वाधिकारी हुतात्मा झाला होता आणि दुसरा विजयी वीर म्हणून परतला होता. जो मतदारसंघ आपल्या मुलांच्या मृत्यूचे सुतक पाळीत होता, त्याचा हा प्रतिनिधी ६ डिसेंबर १८४७ रोजी सभागृहात प्रथम बसला. इलिनॉयमधून आलेला तो एकटाच व्हिग.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. लिंकन युद्धाविरुद्ध बोलण्यासाठी उतावीळ झालेले नव्हते. युद्ध चालू असताना ज्यांना त्याचे कारण पटत नसेल, त्यांनीही देशभक्त नागरिक म्हणून मौन पाळावे, असेच त्यांचे मत होते आणि सुमारे दीड वर्ष त्यांनी ते पाळलेही. सैनिकांच्या अन्नधान्याची, दारूगोळ्याची, पगाराची प्रत्येक मागणी त्यांनी मंजूर केली. अडचण निराळीच निर्माण झाली. रसदीला दिलेले प्रत्येक मत म्हणजे युद्धाच्या कारणालाच मान्यता, असा अर्थ सत्ताधारी पक्ष लावू लागला. इलिनॉयच्याच एका डेमोक्रॅट सदस्याने, हे युद्ध न्याय्य आणि आवश्यक होते, असा ठराव सभागृहापुढे आणला. आता मौनाला जागा उरली नाही. लिंकन यांनी हर्नडनना लिहिले त्याचा आशय असा की, बोलणे भाग पडल्यावर दोनच मार्ग उरतात, खरे बोलणे किंवा खोटे बोलणे.

२२ डिसेंबर १८४७ रोजी, सभागृहात येऊन तीन आठवडेही झालेले नसताना, लिंकन यांनी आठ ठराव मांडले. ते वाचताना उलटतपासणी चालू असल्याचा भास होतो. रक्त सांडले ती नेमकी जागा कोणती, हे राष्ट्राध्यक्षांनी सभागृहाला कळवावे. ती जागा पूर्वी स्पेनच्या आणि नंतर मेक्सिकोच्या ताब्यात होती की नाही? तेथील लोकांनी टेक्सासचे किंवा अमेरिकेचे सरकार कधी मानले होते का? त्यांनी कर भरला, मतदान केले, न्यायालयात हजर राहिले, असे काही घडले होते का? अमेरिकी सैन्य येताच ते घरेदारे आणि उभी पिके सोडून पळाले की नाही? आणि ज्यांचे रक्त सांडले ते साधे नागरिक होते, की राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने तेथे नेलेले सशस्त्र सैनिक होते? हद्दीच्या दाव्यात कोणताही तालुक्याचा वकील याच क्रमाने साक्षीदाराला विचारील: ताबा कोणाचा, वहिवाट कोणाची, सारा कोण भरीत होते. पूर्वी मोजणीदार असलेल्या या मनुष्याला बांधाचे भांडण कळत होते.

३ जानेवारी १८४८ रोजी, युद्ध अनावश्यकपणे आणि घटनाबाह्य रीतीने राष्ट्राध्यक्षांनी सुरू केले, अशी दुरुस्ती प्रतिनिधिगृहात ८५ विरुद्ध ८१ मतांनी संमत झाली. लिंकन यांचे मत बाजूने होते. १२ जानेवारीला त्यांनी सविस्तर भाषण करून आपली भूमिका मांडली. पोक यांनी उत्तर दिले नाही. ठरावांवर सभागृहाने पुढे काहीही केले नाही.

गावाकडे मात्र आग भडकली. स्प्रिंगफील्डच्या विरोधी वृत्तपत्राने त्यांना 'स्पॉटी लिंकन' हे नाव ठेवले. इंग्रजीत 'स्पॉट' म्हणजे जागा आणि 'स्पॉट' म्हणजे डागही. शिवाय 'स्पॉटेड फीवर' हा त्या काळचा एक भयंकर ताप. गावोगावी निषेधसभा झाल्या, हार्डिन यांच्या रक्ताशी द्रोह केला असे म्हटले गेले. सर्वांत बोचरी गोष्ट ही की, भागीदार हर्नडनही विरुद्ध गेले. शत्रूला थोपविण्यासाठी आवश्यक वाटल्यास राष्ट्राध्यक्ष सीमेपलीकडे सैन्य पाठवू शकतो, असे त्यांनी लिहिले. लिंकन यांचे १५ फेब्रुवारीचे उत्तर अभ्यासण्यासारखे आहे. आवश्यकता कधी आहे हे ठरविण्याचाही अधिकार एकाच व्यक्तीला दिला, तर त्या अधिकाराला मर्यादा कोण घालणार? पूर्वी राजे प्रजेच्या हिताच्या नावाखाली तिला युद्धांत लोटून कंगाल करीत. म्हणूनच घटनाकारांनी युद्ध पुकारण्याचा अधिकार संसदेकडे ठेवला, आणि हर्नडन यांचे मत मानले तर राष्ट्राध्यक्ष पुन्हा राजांच्याच जागी जाऊन बसतो, असा त्यांचा युक्तिवाद होता.

लिंकन यांच्या या भूमिकेत पक्षीय राजकारण मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही. निवडणुकीचे वर्ष उजाडले होते, आणि गंमत अशी की व्हिग पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे केले ते याच युद्धात गाजलेल्या जनरल टेलर यांना. लिंकन त्यांचे हिरीरीचे प्रचारक होते. युद्ध अन्याय्य, पण सेनापती आमचा, हे गणित मतदारांच्या पचनी पडावे कसे? ऑगस्ट १८४८ मध्ये सातव्या मतदारसंघात पाळीप्रमाणे स्टीफन लोगन उभे राहिले. त्यांच्यासमोर मेक्सिकोहून परतलेले मेजर हॅरिस होते. लोगन अवघ्या १०६ मतांनी पडले. लोगन हे निष्णात वकील असले तरी रुक्ष उमेदवार होते, हेही पराभवाचे एक कारण. पण दोष मात्र लिंकन यांच्या माथी आला.

त्या यादीतील चुकीच्या नोंदीचा उलगडा येथे होतो. लिंकन यांना उमेदवारी नाकारली गेली नाही. त्यांनी ती मागितलीच नाही. जानेवारी १८४८ मध्येच त्यांनी हर्नडनना कळविले होते की, दुसऱ्या कोणाची इच्छा नसेल आणि लोक म्हणतील तर आपण नाही म्हणणार नाही, पण स्वतः होऊन स्पर्धेत उतरणे हे दिलेल्या शब्दाला आणि प्रतिष्ठेला शोभणार नाही. हार्डिन यांना पाळीचे तत्त्व ऐकवून ज्याने जागा मिळविली, त्याने स्वतःची पाळी संपल्यावर ते तत्त्व विसरणे सोपे होते. राजकारणात असे विसरणारे पुष्कळ असतात.

उरलेल्या अधिवेशनात आणखी एक प्रयत्न झाला. वॉशिंग्टनमध्ये लिंकन ज्या खाणावळीत राहत, तेथे काम करणारा एक कृष्णवर्णीय सेवक आपल्या स्वातंत्र्याची किंमत हप्त्यांनी फेडीत होता. बहुतेक रक्कम फेडून झाली असताना एके दिवशी सशस्त्र माणसांनी येऊन त्याला सर्वांदेखत बेड्या घातल्या आणि नेले. संसदभवनाच्या खिडकीतून गुलामांचा कोंडवाडा दिसत असे. घोड्यांच्या तबेल्यासारखा तो होता, असे लिंकन यांनी पुढे सांगितले. १० जानेवारी १८४९ रोजी त्यांनी राजधानीच्या जिल्ह्यातील गुलामगिरी क्रमाक्रमाने बंद करण्याच्या विधेयकाचा मसुदा सभागृहात वाचला. मालकांना भरपाई, १८५० पासून जन्मणारी मुले स्वतंत्र, आणि तेथील मतदारांची संमती अशी त्याची रचना होती. पण पळून आलेल्या गुलामांना पकडून परत देण्याचे कलमही त्यात होते. दक्षिणेकडील सदस्यांना विधेयक जहाल वाटले, उत्तरेकडील निर्मूलनवाद्यांना ते लाजिरवाणे वाटले. पाठिंबा देणारे गळाले, आणि विधेयक रीतसर मांडलेच गेले नाही.

मार्च १८४९ मध्ये मुदत संपली. टेलर निवडून आले होते. तेव्हा जमीन खात्याचे आयुक्तपद मिळावे म्हणून लिंकन यांनी खटपट केली. ते पद शिकागोच्या जस्टिन बटरफील्ड यांना मिळाले. दूरच्या ओरेगॉन प्रांताचे गव्हर्नरपद देऊ केले गेले, ते पत्नीच्या विरोधामुळे आणि स्वतःच्याही विचाराने त्यांनी नाकारले. त्याच मे महिन्यात उथळ पाण्यात अडकलेल्या बोटी उचलण्याच्या एका युक्तीचे पेटंट त्यांना मिळाले. राष्ट्राध्यक्षपदावर पोचलेल्यांत पेटंट नावावर असलेले ते एकटेच. फेब्रुवारी १८५० मध्ये धाकटा मुलगा एडी तीन-चार वर्षांचा असताना गेला. मित्र बेकर यांच्यावरून त्याचे नाव एडवर्ड बेकर असे ठेवले होते.

पुढची पाच वर्षे पुन्हा तीच बग्गी, तेच न्यायमंडल, तेच सामाईक बिछाने. या काळात त्यांनी वकिली पूर्वीपेक्षा अधिक गांभीर्याने केली. 'सिद्ध करणे' म्हणजे नेमके काय, हे कळावे म्हणून चाळिशी उलटलेल्या या माणसाने युक्लिडच्या भूमितीचे सहा भाग फेऱ्यांमधील रात्रींत वाचून काढले. खाणावळीत सोबती घोरत असत आणि मेणबत्तीच्या उजेडात हे प्रमेये सोडवीत, असे सोबत्यांनीच सांगितले आहे. रेल्वे कंपन्यांची मोठी कामे येऊ लागली. एका रेल्वेच्या करविषयक खटल्यात पाच हजार डॉलर फी मिळविण्यासाठी त्यांना आपल्याच अशिलावर दावा लावावा लागला. आणि त्याच सुमारास, न्यू सालेमच्या दिवसांत ज्या घरी अन्न खाल्ले त्या हॅना आर्मस्ट्राँग यांच्या मुलावर खुनाचा आळ आला, तेव्हा मे १८५८ मध्ये त्यांनी एक पैसा न घेता त्याला सोडविले. चांदण्यात आपण घाव पाहिला, असे साक्षीदार सांगत होता. लिंकन यांनी पंचांग मागवून त्या घटकेला चंद्र मावळतीला टेकला होता, हे दाखवून दिले.

राजकारणात ते परतले १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यामुळे. नव्या प्रांतांत गुलामगिरीला वाट मोकळी करून देणारा हा कायदा त्यांच्या राज्याचेच सिनेटर स्टीफन डग्लस यांनी आणला होता. १८५८ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत दोघे समोरासमोर आले आणि त्यांचे सात वादविवाद इतिहासात अमर झाले. पण दहा वर्षांपूर्वीचे ते भूत डग्लस यांनी पहिल्याच सभेत बाहेर काढले: सैनिक लढत असताना हे गृहस्थ शत्रूची बाजू घेत होते!

१८ सप्टेंबर १८५८ रोजी चौथी सभा कोल्स जिल्ह्यातील चार्ल्सटन येथे झाली. जेथे लिंकन यांनी मॅटसनची बाजू मांडली होती, तोच हा जिल्हा. व्यासपीठावर डग्लस यांच्या पक्षाचे एक जुने खासदार बसले होते, ऑरलँडो फिकलिन. ब्रायंट कुटुंबाला सोडविणारे वकील तेच, आणि योगायोगाने १८४७ च्या काँग्रेसमध्ये लिंकन यांचे सहसदस्यही तेच. लिंकन यांनी उठून त्यांना हाताने धरून पुढे ओढले आणि जमलेल्या हजारो लोकांसमोर सांगितले की, हे माझे मित्र आहेत, पक्षाने विरोधक आहेत, आणि रसदीच्या प्रश्नावर माझ्यावरचा आरोप खोटा आहे हे यांना प्रत्यक्ष ठाऊक आहे. फिकलिन अवघडले. युद्ध राष्ट्राध्यक्षांनी अनावश्यकपणे सुरू केले या दुरुस्तीला लिंकन यांनी मत दिले, एवढेच आपल्याला आठवते, असे काहीसे ते म्हणाले. लिंकन यांनी तेवढेही आनंदाने मान्य केले. होय, ते मत दिले होते. आणि रसदीलाही दिले होते.

ती निवडणूक लिंकन हरले. दोन वर्षांनी ते राष्ट्राध्यक्ष झाले. ४ मार्च १८६१ रोजी शपथविधीच्या व्यासपीठावर त्यांचा परिचय करून दिला तो ओरेगॉनचे सिनेटर झालेल्या एडवर्ड बेकर यांनी. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला बॉल्स ब्लफच्या लढाईत बेकर पडले. पाळीपाळीने काँग्रेसमध्ये गेलेल्या त्या तिघांपैकी हा दुसरा रणांगणावर गेला.

१८४८ च्या त्या सभागृहात जॉर्जियाचे एक किडकिडीत, फिकट चेहऱ्याचे व्हिग सदस्य होते, अलेक्झांडर स्टीफन्स. युद्धाविरुद्धचे त्यांचे भाषण ऐकून आपले डोळे पाणावले, असे लिंकन यांनी हर्नडनना कळविले होते. १८६१ मध्ये दक्षिण फुटून निघाली तेव्हा हेच स्टीफन्स तिचे उपाध्यक्ष झाले. ३ फेब्रुवारी १८६५ रोजी हॅम्प्टन रोड्स येथे एका आगबोटीवर हे दोघे जुने सहकारी तहाच्या बोलणीसाठी समोरासमोर बसले. आधी जुन्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या. मग चार तास बोलणी झाली आणि ती फिसकटली, कारण एकसंध राष्ट्र या मुद्द्यावर लिंकन तसूभरही हलावयास तयार नव्हते. उठताना त्यांनी विचारले, आपल्यासाठी व्यक्तिशः काही करता येईल का? स्टीफन्स म्हणाले, माझा एक पुतण्या तुमच्या कैदेत आहे. लिंकन यांनी ते टिपून घेतले. काही दिवसांनी तो तरुण लेफ्टनंट एरी सरोवरातील बेटावरच्या तुरुंगातून वॉशिंग्टनला आणला गेला. राष्ट्राध्यक्षांनी त्याला मोकळे केले, त्याच्या हाती काकांसाठी पत्र दिले, आणि त्याच हुद्द्याचा आपला एक अधिकारी बदल्यात पाठवावा, असे त्यात लिहिले. निघताना स्वतःचे एक छायाचित्र सही करून त्याला दिले.